किती वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा? आणि त्याआधी कान का तपासावा?



मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, पावसाळ्यातले ताप हे आपले नेहमीचे विषय. आजचा जरा वेगळा आहे, पण वाचल्यावर तो आरोग्याचाच आहे हे तुमच्या लक्षात येईल.

पालघरच्या माझ्या दवाखान्यात वेटिंग रूमच्या भिंतीवर दोन लाकडी स्पीकर आहेत. सकाळी त्यावर हळू आवाजात शास्त्रीय गाणं चालू असतं. त्यामुळे डॉक्टरांना यातलं कळतं असा समज पसरला आहे, आणि बीपी मोजून झालं की काही जण खुर्चीतून न उठता विचारतात, "डॉक्टर, घरी चांगली सिस्टिम घ्यायची आहे. किती वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ?" विचारणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे. मुलं मार्गी लागलेली, पीएफचे पैसे हाती आलेले, आणि कॉलेजपासून मनात असलेली एक हौस शिल्लक राहिलेली. हौस अगदी रास्त आहे. फक्त प्रश्नाची सुरुवात चुकीच्या टोकाने होते.

अ‍ॅम्प्लिफायर ही शेवटी ठरवायची वस्तू. आधी तुमचा कान, मग खोली, मग स्पीकर. या तिघांचं ठरलं की अ‍ॅम्प्लिफायर जवळजवळ आपोआप ठरतो.

वॉटचा हिशोब

आधी दुकानातला एक गैरसमज दूर करू. स्पीकरच्या मागे "100 वॉट" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ स्पीकरला 100 वॉट लागतात असा नाही. तो जास्तीत जास्त तेवढं सोसू शकतो, एवढाच. पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम. म्हणून साध्या तापाला कोणी रोज 4 ग्रॅम घेत नाही. कमाल डोस आणि लागणारा डोस वेगळे.

लागणारा डोस काढण्यासाठी स्पीकरच्या माहितीपत्रकात "सेन्सिटिव्हिटी" बघा. 86 डेसिबल लिहिलं असेल तर 1 वॉट दिल्यावर 1 मीटर अंतरावर 86 डेसिबल आवाज होतो. आपण बसतो अडीच-तीन मीटरवर. अंतरामुळे आवाज घटतो, दुसऱ्या स्पीकरमुळे आणि भिंतींमुळे थोडा परत मिळतो. बोईसरच्या नेहमीच्या फ्लॅटमधला दहा बाय बाराचा हॉल धरला तर 1 वॉटला तुमच्या खुर्चीपाशी साधारण 80 ते 83 डेसिबल पोहोचतात. आणि घरात निवांत गाणं ऐकताना आपण सरासरी 70-72 डेसिबलवर असतो. दहा डेसिबल कमी म्हणजे एक दशांश शक्ती. म्हणजे तुमचा शंभर वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक वेळ 0.1 वॉट देत बसलेला असतो!

मग एवढे वॉट कशाला? तर तबल्याच्या थापेसाठी. चांगल्या ध्वनिमुद्रणात अशी क्षणभराची उसळी सरासरीच्या 15 ते 20 डेसिबल वर जाते, आणि 20 डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. 0.1 चे शंभरपट झाले 10 वॉट. थोडी मोकळीक ठेवू. प्रामाणिक 30 ते 50 वॉटमध्ये आपल्या घरांचं काम उत्तम होतं.

"प्रामाणिक" हा शब्द मुद्दाम वापरला. 1990 च्या दशकात टेपरेकॉर्डरवर "1000 वॉट पीएमपीओ" असं झळकायचं ते आठवतं का? तो आकडा निव्वळ जाहिरातीचा. बघायचा तो आरएमएस, तोही 8 ओहमला, दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना. आणि एक सोपी परीक्षा अशी की पेटीच्या मागे ती विजेतून किती वॉट खेचते ते छापलेलं असतं. आत 40 वॉट घेणारी पेटी बाहेर सतत 500 वॉट देऊ शकत नाही.

आता पैशांचा मुद्दा. 50 वॉटऐवजी 100 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर आवाजात फरक पडतो फक्त 3 डेसिबलचा. कानाला तो जेमतेम जाणवतो. आवाज "दुप्पट" वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. याउलट 86 ऐवजी 89 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला तर तेच 3 डेसिबल अ‍ॅम्प्लिफायर न बदलता मिळतात. म्हणून माझं मत सरळ आहे: बजेटचा मोठा वाटा स्पीकरवर खर्च करा.

ओहम जुळवणं, आणि कानातली तीन हाडं

स्पीकर 8 ओहमचे, 6 चे, 4 चे असतात. ओहम जितके कमी तितका तो अ‍ॅम्प्लिफायरकडून जास्त करंट मागतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे "8-16 ओहम" लिहिलेलं असताना 4 ओहमचे स्पीकर जोडले तर तो तापतो, फ्यूज उडतो किंवा आउटपुट जळतं. आपल्याकडे ही चूक दोन प्रकारे होते. एक, गाडीचे स्पीकर (ते बहुधा 4 ओहमचे) लाकडी डब्यात बसवून घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावणं. दोन, हॉलमध्ये एक जोडी आणि बेडरूममध्ये दुसरी जोडी एकाच टर्मिनलवर समांतर जोडणं. 8 आणि 8 समांतर जोडले की 4 होतात, 16 नाही.

उलट्या बाजूने, लहान अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे पिळला तरी नुकसान होतं. ध्वनिलहरीचा माथा छाटला जातो, आणि त्या छाटलेल्या लहरीतली जास्तीची वरच्या पट्टीतली शक्ती ट्विटरच्या बारीक कॉइलमध्ये जाऊन ती जळते. "छोट्या अ‍ॅम्पने माझा मोठा स्पीकर कसा गेला?" याचं उत्तर हे आहे. आवाज चिरका, कडवट झाला की बटण मागे घ्या.

व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा फॅशनमध्ये आले आहेत. त्यात एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, कारण व्हॉल्व्हला जास्त व्होल्टेज आणि थोडा करंट जमतो, तर स्पीकरला हवा असतो थोडं व्होल्टेज आणि जास्त करंट. ट्रान्सफॉर्मर दोघांमध्ये दुभाष्याचं काम करतो. त्याच्या मागे 4 आणि 8 ओहमची वेगळी टोकं असतात, आपल्या स्पीकरचं टोक निवडायचं.

असाच दुभाष्या तुमच्या कानात आहे, म्हणून हे सगळं सांगतो आहे. बाहेर हवा, आतल्या कानात द्रव. हवेतला आवाज सरळ द्रवावर आपटला तर त्याचा जवळजवळ 99.9 टक्के भाग परत फिरतो. घाटावर उभं राहून मारलेली हाक तळ्यात बुडी मारलेल्याला ऐकू येत नाही, तसं. मध्ये आहेत कानाचा पडदा आणि हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन इवलीशी हाडं. पडद्याचं क्षेत्रफळ आतल्या खिडकीच्या सुमारे 17 पट, शिवाय हाडांच्या तरफेमुळे आणखी 1.3 पट. गुणाकार केला तर दाब सुमारे 22 पट होतो, म्हणजे 25 डेसिबलहून जास्त फायदा. वीज नाही, बॅटरी नाही. पडद्याला भोक पडलं, हाडं आखडली किंवा मध्यकर्णात पाणी साचलं की ही जुळणी बिघडते आणि ऐकू कमी येतं. या प्रकारचं बहिरेपण बऱ्याचदा उपचाराने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतं.

आपल्या जिल्ह्यातलं तारपं आठवा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा भोंगा. आतली बारीक पात हवेला एकटीने फारशी हलवू शकत नाही. तो पसरत गेलेला भोंगा तिचं कंपन मोठ्या हवेशी जुळवून देतो. जव्हार-विक्रमगडकडे रात्री तारपा नाच चालतो तेव्हा तो आवाज दुसऱ्या पाड्यावर पोहोचतो. ग्रामोफोनच्या कर्ण्याचं तत्त्व हेच.

आता मुद्द्याचं

गेल्या वर्षी एक गृहस्थ आले (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). बोईसरला राहतात, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर आणि लूमच्या शेडमध्ये 26 वर्षं काढून निवृत्त झालेले. घरी बऱ्यापैकी सिस्टिम होती. त्यांची तक्रार: "आवाज खुलत नाही डॉक्टर. पूर्वी तानपुऱ्यात भरून यायचं, आता नुसतं घूं घूं होतं. लॅमिंग्टन रोडला जाऊन 200 वॉटचा घेऊन येतो." त्यांच्या मिसेस शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावर जातो डॉक्टरसाहेब. आणि मी साठ म्हटलं की यांना आठ ऐकू येतं."

ते दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. स, श, फ, थ, ख ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, स्वर खालच्या. ज्याची वरची पट्टी गेली त्याला बोलणं ऐकू येतं पण समजत नाही. तानपुऱ्याचंही तेच. जवारीमुळे मूळ स्वरावर जे असंख्य उपस्वर उमटतात, ती सगळी झळाळी वरच्या पट्टीत. ती गेली की उरतं ते घूं घूं.

कान पाहिले. एका कानात मळाचा घट्ट खडा होता, तो काढला. त्याने थोडा फरक पडला. मग ऑडिओग्राम करून आणायला सांगितला. वेगवेगळ्या पट्टीतला हळूत हळू आवाज कुठपर्यंत ऐकू येतो, याचा हा आलेख. वेदना नाही, अर्ध्या तासाचं काम. त्यांच्या आलेखात दोन्ही कानांना 4000 हर्ट्झला खोल खड्डा होता. असा खड्डा दिसला आणि रुग्ण गोंगाटात काम केलेला असला, तर निदानाला फार वेळ लागत नाही. वयाने येणारं बहिरेपण वेगळं असतं, त्यात आलेख टोकाकडे हळूहळू उतरत जातो. त्यांच्यात दोन्ही होतं.

आतल्या कानाच्या शंखात जन्मतः फक्त पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. कान दर चौरस मिलिमीटरमागे एवढं काम करतो आणि सुटे भाग मात्र आयुष्यभरासाठी एकदाच मिळतात. मोठ्या आवाजाने त्या झिजतात, मरतात, आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मशीनचा आवाज ऐकण्यात कान खर्च झाले आणि गाण्यासाठी काही उरलं नाही, असंच ना?"

उरलं नाही असं नव्हतं, तसं मी त्यांना सांगितलं. पण 200 वॉटने गेलेलं परत येणार नव्हतं, उलट होतं तेही गेलं असतं, हेही सांगितलं. अशा कानाचं एक वैशिष्ट्य असतं: हळू आवाज ऐकूच येत नाही, आणि जरा मोठा केला की एकदम सहन होत नाही. मधली जागाच आकसते. त्यामुळे सगळाच आवाज वाढवणं म्हणजे एका पायाचा बूट घट्ट होतो म्हणून दोन्ही बूट मोठे घेण्यासारखं आहे.

आकडे देतो, कारण ते माहीत असावेत. कारखान्यांसाठी आपल्याकडची मर्यादा 90 डेसिबल, रोज 8 तास. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मानकात मोबाइलसारख्या साधनांवर संगीत ऐकण्यासाठी धरलेली मर्यादा 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशोबाने 90 डेसिबलला आठवड्याचे फक्त 4 तास मिळतात, आणि शेडमधला माणूस तिथे 48 तास असतो. गाणं ऐकणाऱ्याला एक माप आणि लूम चालवणाऱ्याला दुसरं. केसपेशीला मात्र समोर लूम आहे की सतार हे कळत नाही.

गोंगाटामुळे आलेलं बहिरेपण हा कारखाना अधिनियम 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीतला आजार होता. असा कामगार आढळला की डॉक्टरने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचं असतं. कर्मचारी भरपाई कायद्याच्या यादीतही तो होता. तुमच्यापैकी जे अजून शेडमध्ये काम करतात त्यांनी इअरमफ गळ्यात अडकवण्यासाठी नसतात हे लक्षात ठेवा, आणि कंपनीच्या वार्षिक तपासणीतला ऑडिओग्रामचा कागद मागून घ्या, जपून ठेवा. निवृत्तीनंतर तो मिळवणं फार कठीण जातं.

मग त्यांनी काय घेतलं?

पैशांची विभागणी केली. मोठा भाग दोन्ही कानांच्या श्रवणयंत्रांना. श्रवणयंत्र हाही एक अ‍ॅम्प्लिफायरच, पण जास्त शहाणा. हळू आवाज जास्त वाढवतो, मोठा आवाज कमी, आणि तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे ज्या पट्टीत जेवढी कमतरता तेवढीच भर घालतो. जुळणी म्हणतात ती ही. एक सूचना मात्र ऑडिओलॉजिस्टला आवर्जून द्या: "मी गाणं ऐकतो, संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाका." श्रवणयंत्र मुळात बोलण्यासाठी बसवलेलं असतं. त्यातली शिट्टी दाबणारी यंत्रणा तानपुऱ्याचा किंवा बासरीचा लांब स्वर ही शिट्टीच समजते आणि तो थरथरवून टाकते. लोक म्हणतात, यंत्र बेकार आहे. बहुधा सेटिंग बाकी असतं.

स्पीकर जुनेच ठेवले, ते चांगले होते. अ‍ॅम्प्लिफायर घेतला 40 वॉटचा, बास आणि ट्रेबलची बटणं असलेला. शुद्धतावादी मंडळी अशा बटणांना नाकं मुरडतात. त्यांनी आधी स्वतःचा ऑडिओग्राम दाखवावा! पन्नाशीनंतर बहुतेकांना 12-14 हजार हर्ट्झच्या पुढचं फारसं ऐकू येत नाही. माझा स्वतःचा आलेखही 8000 ला 35 डेसिबलपर्यंत उतरला आहे, त्यामुळे 40 हजार हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या ट्विटरसाठी मी जास्तीचे पैसे मोजत नाही. हळू आवाजात बास पातळ वाटतो तोही कानाचा स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं "लाउडनेस" बटण त्यासाठीच असायचं. रात्री शेजाऱ्यांना त्रास न देता ऐकायचं असेल तर ते फार उपयोगी आहे.

ट्रेबलबद्दल एक सावधगिरी. साधं ट्रेबलचं बटण मुख्यतः 10 हजार हर्ट्झच्या आसपास काम करतं, खड्डा असतो 4 हजारला. मोबाइलवरून गाणी लावत असाल तर त्यातला इक्वलायझर वापरून 3 ते 4 हजारला तीन-चार डेसिबल वाढवून पाहा. दहा वाढवू नका. 10 डेसिबल म्हणजे त्या पट्टीत ट्विटरला दहापट शक्ती, हे आपण वर पाहिलंच.

दीड महिन्याने ते पुन्हा आले तेव्हा गाण्याबद्दल आधी काही बोललेच नाहीत. घरात चिमण्या आहेत हे नव्याने कळलं म्हणाले. तानपुरा पूर्वीसारखा नाही, पण तारा वेगवेगळ्या कळतात. मिसेस म्हणाल्या, टीव्हीचा आवाज 38 वरून 17 वर आला.

दुकानात जाताना

तुमच्या ओळखीचं एक गाणं घेऊन जा, दुकानदाराचं नको. त्याच्या डेमोत ढोल आणि काच फुटल्याचे आवाज असतात. तानपुरा, बाई गाते आहे आणि तबल्याचा बायां स्पष्ट आहे असं काहीतरी घ्या. दोन अ‍ॅम्प्लिफायर तोलताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण जो जरासा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. विक्रेत्याला हे माहीत असतं.

वायरीवर हजारो रुपये घालवू नका. 8 ओहमच्या स्पीकरला पाच मीटरपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर पुरते. 4 ओहम असेल तर 2.5 ची घ्या.

आपल्या भागात हवा दमट आणि खारी. सातपाटी, चिंचणी, डहाणूकडे तर विचारू नका. स्पीकरच्या कडेला फोमची झालर असेल तर ती काही वर्षांत भुगा होते, रबराची बघून घ्या. अ‍ॅम्प्लिफायरवर भरतकाम केलेला रुमाल टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. चालू असताना तो काढा, वर हाताची वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर बिचारा घामाघूम होतो. आणि तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढतो, त्यामुळे एक बाजू खरखरते किंवा मध्येच बंद पडते. लोक लगेच अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला नेतात. त्याआधी, पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये, वीज बंद करून वायरींची टोकं इंचभर कापा आणि नवी सोलून घट्ट बसवा.